उकळी यायच्या आत

शैला गेल्याची बातमी मला भाजीच्या दुकानात कळली. मी गवार निवडत होते, कोवळी वेगळी आणि जून वेगळी, आणि फोन वाजला. आमच्या दोह्याच्या बिन महमूद भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर मेसेज होता : शैला कुलथे यांचं आज सकाळी फार्मसीच्या काउंटरवरच हार्ट अटॅकने निधन. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि त्या रांगेच्या मधोमध कुणीतरी विचारलं होतं, 'शुक्रवारी पुरणपोळ्या करतेय, कुणाला हव्यात का?' दोघींनी हव्यात म्हणून कळवलंही होतं. मी गवार हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते... शैला असती तर तिनं त्या पोळीवालीला तिथल्या तिथं गाठलं असतं, "पोळ्या राहू देत, तुझी बहीण अटलांटाला ना गं? तिनं फोन केला का?" मग मी गवार पिशवीत टाकली, पैसे दिले आणि घरी जाताना लिफ्टमध्ये रडले.

त्याला आता काही आठवडे झाले. एवढ्यात लोकांनी तिला देवी करून टाकलंय. शोकसभेत जो तो तिच्या मायाळूपणाबद्दल बोलला. मी वीस-एक वर्षं तिच्या खालच्या मजल्यावर राहिले, म्हणून सांगायचा हक्क मला आहे : शैला मायाळू वगैरे काही नव्हती, भयंकर बाई होती. बेल न वाजवता आत यायची, माझ्या आमटीत चमचा बुडवून "चिंच कमी आहे" म्हणायची आणि स्वतःच चिंच शोधायला लागायची. माझ्या नवऱ्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिनं मला न विचारता डबीत भरून ठेवल्या होत्या, वार लिहून. 'कदाचित' हा शब्द तिला माहीतच नव्हता. तिला सगळं नक्की माहीत असायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं, हे त्याहून वाईट.

तिचा नवरा दिलीप दोह्याजवळच्या मेसईदच्या खत कारखान्यात इंजिनिअर होता. तो अचानक गेला तेव्हा निनाद शाळेत होता. नाशिकहून दीर आले, सासरे आले, सगळ्यांनी सांगितलं, आता परत चल. ती म्हणाली, "परत येऊन काय करू? तुमच्या ओटीवर बसून रडू?" इथली फार्मसिस्टची परीक्षा दिली, नोकरी धरली, कंपनीचं घर सोडून बिन महमूदच्या फ्लॅटमध्ये आली आणि निनादला अमेरिकेत पाठवेपर्यंत काउंटरमागे उभी राहिली. पुढे तो तिथला नागरिकही झाला. त्या दिवशी तिनं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पेढे वाटले आणि मला म्हणाली, "नीले, माझ्या पोराला आता तिथं मत आहे, मत!" त्या मताचं पुढे काय होणार होतं हे तेव्हा तिला ठाऊक असतं तर पेढे तरी वाचले असते.

दोह्याबाहेर एक तळ आहे. अमेरिकेत जायला निघालेली अफगाण कुटुंबं तिथं थांबलेली असतात, कागद पूर्ण होईपर्यंत. शैला तिथल्या दवाखान्यात औषधं द्यायची. जरमीना तिला तिथंच भेटली. जरमीनाचा नवरा अमेरिकन सैनिकांसाठी दुभाष्याचं काम करायचा आणि त्याच कामापायी मारला गेला. ती आणि तिची चौदा वर्षांची होस्ना, दोघींचे कागद मंजूर होते, तिकिटं निघाली होती, नवऱ्याचा भाऊ तिकडे वाट पाहत होता. आणि तिकडे सरकारनं निर्वासितांना घेणंच थांबवलं. तिकिटं रद्द. त्याच सुमारास बाहेरच्या देशांना जाणारा मदतीचा पैसाही आटला. आधी तळावरच्या दवाखान्यातली कपाटं रिकामी झाली, मग माणसं कमी झाली. मॅनेजरनं शैलाला बोलावून म्हटलं, "शैला मॅडम, खलास." तिला दुसरीकडे, आमच्या गल्लीतल्याच एका फार्मसीत नोकरी मिळाली म्हणून ती कतारमध्ये राहू शकली. पण तळावरच्या शेवटच्या आठवड्यात जरमीनाला घरून निरोप आला. तिच्या बहिणीच्या गावातलं बाळंतपणाचं केंद्र मदतीवर चालायचं, ते बंद पडलं होतं, आणि बहीण घरीच बाळंत होताना गेली. बाळही गेलं. निरोप आला तेव्हा जरमीना औषधाच्या खिडकीशी उभी होती. शैला मला म्हणाली, "ती रडली नाही गं. मला विचारलं, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" एवढं सांगून ती माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरची सगळी भांडी पुन्हा घासून ठेवली. घासलेली होती, तरी.

त्यानंतर तिच्या डोक्यानं घेतलं. बातम्या वाचून तिला कळलं होतं की मदत आणि निर्वासितांचं काम पुन्हा सुरू करायचा प्रस्ताव तिकडच्या खासदारांपुढे येणार आहे, आणि खासदार ऐकतात ते फक्त आपल्या मतदारांचं. आपलं पत्र गेलं तर केराच्या टोपलीत. पण दोह्यातल्या कुठल्या मराठी घराचं कुणी ना कुणी अमेरिकेत नाही? भाऊ, नणंद, मुलगी, साडू. शैलानं संक्रांतीला हळदीकुंकू ठेवलं. विधवेनं हळदीकुंकू ठेवलं म्हणून कुजबूज झाली, तर तिनं ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या हातचं कुंकू नको असेल तर लावू नका, वाण तरी घ्या.' वाण नाकारता येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. वाण म्हणजे तिळगुळाची छोटी स्टीलची डबी, तिच्या झाकणावर फार्मसीत औषधाच्या बाटलीवर लावतात तसलं लेबल : 'अमेरिकेतल्या नातेवाइकासाठी. दिवसातून एक फोन. चहाला उकळी यायच्या आत होतो. रिकाम्या पोटीही चालतो.' डबीत घडी घातलेला कागद, त्यावर खासदाराच्या ऑफिसात काय बोलायचं ते इंग्रजीत, आणि मागच्या बाजूला तेच इंग्रजी देवनागरीत. "हे कशाला?" मी विचारलं. "मुलांकडे कायमच्या जाऊन नागरिक झालेल्या आज्यांसाठी," ती म्हणाली. "त्यांनाही मत असतं आणि त्यांना वेळ असतो."

संध्याकाळची आपली चहाची वेळ म्हणजे तिकडे ऑफिसं उघडायची वेळ. शैला गॅसवर चहाचं आधण ठेवायची आणि कुणाच्या तरी नातेवाइकाला फोन लावायची. "मी इथं चहा टाकलाय, उकळी यायच्या आत तू बोलून मोकळा हो. यल्ला, चल लवकर!" बरेच जण हो म्हणून फोन ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे नाहीत. एकीच्या भाच्यानं तिला ऐकवलं, "काकू, आम्ही नियमाप्रमाणे रांगेत उभे राहून आलो. यांना मधूनच का घुसवायचं?" शैला म्हणाली, "तुझ्या रांगेत मागून गोळ्या कोण झाडत होतं रे?" त्यानं तिचा नंबर ब्लॉक केला. आज्या मात्र कामाला आल्या. एडिसनमधल्या सुशीलाआजींनी तर रोजचा नेम धरला, देवपूजा झाली की फोन. खासदाराच्या ऑफिसातली मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायला लागली, 'गुड मॉर्निंग, सुशीला' म्हणायची. आजी खूश. त्यांच्या घरात त्यांना गुड मॉर्निंग म्हणणारं कुणी नव्हतं.

आणि निनाद? निनादला तर तिनं सगळ्यांत आधी सांगितलं होतं. त्याचा खासदार त्या प्रस्तावावर काठावर होता म्हणे, म्हणून त्याचा फोन सगळ्यांत मोलाचा. एक दिवस ती माझ्या घरात नाचतच आली. "नीले, केला गं पोरानं फोन! ते म्हणाले, जरमीनाची केस स्वतः बघतो, थोड्या दिवसांत कळवतो." मग ते तिनं ग्रुपवर टाकलं, फार्मसीत सांगितलं, आमच्या वॉचमनलासुद्धा सांगितलं. बाई आनंदात असली की आणखीच असह्य व्हायची.

त्याच दिवसांत जरमीनासाठी दुसरी वाट निघाली. कॅनडातल्या एका गावातली काही माणसं मिळून एका कुटुंबाला आपल्याकडे आणायला तयार होती. घर बघितलं होतं, होस्नासाठी शाळा बघितली होती. अट एकच होती, अमेरिकेच्या रांगेतलं नाव काढून घ्यायचं आणि लवकर कळवायचं. जरमीनानं शैलाला फोन केला. मी समोर बसून मेथी निवडत होते, फोन स्पीकरवर होता. हिंदी तिला सिनेमे बघून येत होती. "शैला-जान, आप बोलो," ती म्हणाली, "जाऊँ कि रुकूँ?" शैलानं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "रुको. मेरे बेटे ने खुद बात की है. उधर अपना आदमी है तुम्हारा, देवर है. थोडा सबर करो, इन्शाल्ला हो जाएगा." मी मेथीची काडी मोडत म्हटलं, "शैले, तू कशाला सांगतेस? तिचं तिला ठरवू दे." ती माझ्यावर डाफरली, "माझा मुलगा बोललाय त्यांच्याशी. तुला कळतं का त्यातलं काही?" मला कळत नव्हतं, म्हणून मी मेथीची पुढची जुडी सोडली. जरमीनानं कॅनडाला 'नाही' म्हणून कळवलं. त्यांनी ते घर दुसऱ्या कुटुंबाला दिलं.

पुढचे दिवस शैला रोज विचारायची, "काही आलं का रे त्यांच्याकडून?" आणि निनाद सांगायचा, चालू आहे, आई. मग एका सकाळी ती फार्मसीत कुणाला तरी खोकल्याचं औषध काढून द्यायला वळली आणि पडली. इथून माणसाला परत पाठवायचं म्हणजे किती दारं असतात, ते मी पहिल्यांदा पाहिलं. हॉस्पिटल, पोलीस, दूतावास, विमानतळावरचं कार्गो. आमच्या शैलाला कार्गोतून नेलं. तिला विंडो सीट आवडायची. निनाद परस्पर नाशिकला पोचला, त्यानं अग्नी दिला आणि दिवस झाल्यावर तिचा फ्लॅट रिकामा करायला इथं आला.

दोन दिवस तो आणि मी मिळून तिचं घर आवरत होतो. मुलगा चांगला आहे हो, वाईट नाही. आईच्या साड्या त्यानं एकेक करून, घडी न मोडता खोक्यात ठेवल्या. वाणाच्या उरलेल्या डब्या एका पिशवीत सापडल्या, तर त्या बघून हसला आणि झाकणावरचं लेबल मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. जरमीना होती. शैला गेल्याचं मीच तिला कळवलं होतं. "शैला-जान का बेटा आया है?" तिनं विचारलं. "उसको दो ना फोन. शुक्रिया बोलना है." मी स्पीकर लावून फोन निनादच्या हातात दिला. "भाई," ती म्हणाली, "आपकी अम्मी ने बताया, आपने हमारे लिए वहाँ फोन किया. हमारे लिए तो सगे भाई ने भी नहीं किया. अल्लाह आपको सलामत रखे. अम्मी बहुत खुश थी आपसे." मागून होस्नाचा आवाज आला, तिनं तळावर शिकलेल्या इंग्रजीत 'थँक यू, अंकल' म्हटलं. निनाद 'जी, जी' एवढंच म्हणाला आणि फोन माझ्याकडे दिला. त्याचा चेहरा मी बघितला. मी फोन बंद करेपर्यंत तो जमिनीवर बसला होता, खोक्यांच्या मधे.

"काकू," तो म्हणाला, "मी फोन केलाच नव्हता."

मला वाटलं, घाबरला असेल. नवा नागरिक, नाव नोंदलं जाईल, उद्या कुणी त्रास देईल. ते मी समजून घेतलं असतं. मी तसं विचारलंही. तो म्हणाला, "नाही काकू, तसं काही नाही. त्या दिवशी मीटिंग होती. नंतर राहून गेलं. संध्याकाळी आईनं विचारलं, केला का, तर मी हो म्हटलं. मग ती विचारायला लागली, काय म्हणाले, काय म्हणाले... तर काहीतरी सांगितलं." काहीतरी सांगितलं! हे मी ओळखते. आपली सगळ्यांची मुलं असंच बोलतात. जेवलास का? हो आई. स्वेटर घातलास का? हो आई. डॉक्टरकडे गेलास का? हो आई, गेलो, काही नाही म्हणाले. इतक्या लांबून आयांना झोप लागावी म्हणून दिलेलं ते 'हो' असतं, आणि आपणही ते घेतो, पुढे विचारत नाही. औषधाच्या प्रत्येक पाकिटावरची तारीख दोनदा बघणारी बाई, तिनं पोराचं 'हो' एकदाही तपासलं नाही. तपासलं नाही ते नाही, वर ते घेऊन दुसऱ्या बाईचा जन्म त्यावर उभा केला. चूक एकट्या निनादची नाही, हे मी आज लिहून ठेवते. शैला, तुझीही आहे. एकदा तरी 'कदाचित' म्हणायचंस गं.

"पण काकू, एका फोननं असं काय होणार होतं?" तो म्हणाला. त्याला कॅनडाचं माहीत नव्हतं. शैलानं त्याला सांगितलं नव्हतं, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार, पोरगा काम करतोय म्हटल्यावर कॅनडा हवंय कुणाला? मग मी सांगितलं. ते घर, ती शाळा, 'जाऊँ कि रुकूँ', सगळं. मला दया आली नाही. खरं सांगते, सांगताना बरंच वाटलं, कुणाला तरी दुखायलाच हवं होतं आणि तो समोर होता. "फोननं कदाचित काहीच झालं नसतं," मी म्हटलं. "तुझ्या 'हो'नं मात्र झालं." तो आपल्या आईच्या साड्यांच्या खोक्यावर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. शैला, तू वेळेवर गेलीस. हे ऐकायला तू असतीस तर मला तुझ्याकडे बघवलं नसतं.

हे लिहितेय तेव्हा जरमीना आणि होस्ना अजून तळावरच आहेत. तळ बंद होणार म्हणतात, आणि तिथल्या लोकांना विचारताहेत की परत जाता का. जिथं नवऱ्याला मारलं तिथं. होस्ना परत गेली तर तिची शाळा तर संपलीच, आणि दुभाष्याची मुलगी म्हणून आणखी काय काय संपेल ते मी लिहीत नाही. प्रस्ताव अजून लोंबकळतोय. काठावरचे खासदार काठावरच आहेत. सुशीलाआजी रोज फोन करताहेत. ज्या पुरवणीत हे छापून येईल ती वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं कुणीतरी तिकडे आहे, ते मला ठाऊक आहे. त्यांना सांगा, माणसं घेणं पुन्हा सुरू करा आणि मदतीचा पैसा सोडा, एवढंच त्यांच्या खासदाराला बोलायचंय. आणि केला का म्हणून विचाराल, तर पहिल्या 'हो'वर थांबू नका.

निनादनं खरं सांगितलं त्याच संध्याकाळी शैलाच्या स्वयंपाकघरात एवढंच उरलं होतं : गॅस, दोन कप आणि तिचं चहाचं पातेलं, एका बाजूला चेपलेलं. तिकडे सकाळ झाली होती. मी पातेल्यात पाणी ओतलं, आलं टाकलं, गॅस पेटवला आणि निनादला म्हटलं, "लाव फोन." त्यानं एक डबी उघडली, आतला कागद काढला आणि फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, अगदी गोड. तिनं नाव विचारलं, पत्ता विचारला. निनादनं कागद वाचायला सुरुवात केली आणि मधेच कागद बाजूला ठेवला. तो स्वतःच्या शब्दांत बोलला, जरमीनाचं नाव सांगितलं, होस्नाचं सांगितलं. पुढे म्हणाला, हे माझ्या आईनं मला सांगितलं होतं... आणि थांबला. पलीकडे ती लिहून घेत असावी. मग तिनं विचारलं, या विषयावर तुम्ही याआधी आमच्याशी कधी बोलला आहात का?

निनादनं माझ्याकडे पाहिलं.

"नो," तो म्हणाला. "नेव्हर."

तिनं त्याचे आभार मानले, साहेबांना कळवते म्हणाली, दिवस चांगला जावो म्हणाली आणि फोन संपला. मी गॅसकडे बघितलं. पातेल्याच्या तळाशी आत्ता कुठं बारीक बुडबुडे धरू लागले होते. उकळी यायला अजून वेळ होता.